राज्याचा दाखला, केंद्राची कचेरी

हेडक्लार्कनं माझा दाखला हातात घेतला नाही. टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि तिच्या टोकानं कागद माझ्याकडं ढकलला.

"ह्यो हितं चालत न्हाई."

साल एकोणीसशे एकोणसत्तर. मी वीस वर्षांची. मॅट्रिक पास, टायपिंग पास. केंद्र सरकारच्या एका खात्याची कोल्हापुरातली कचेरी. राखीव जागा एकच, आणि लेखी परीक्षेत त्या जागेसाठी माझा पहिला नंबर. मागं बाकावर बाकीचे उमेदवार बसलेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यानं वाचलं, "धर्म बौद्ध. पूर्वीची जात महार." मग हसला. "पूर्वीची म्हंजे? आता काय बामण झालीस?"

बाक हसला.

मी म्हणाले, "तहसीलदारांची सही आहे. समोर कलेक्टर कचेरीत हाच दाखला चालतो."

"तिथं चालंल. ते राज्याचं. बौद्धास्नी सवलत राज्यानं दिलीया. दिल्लीच्या यादीत हिंदू महार हाय, बौद्ध न्हाई."

"पण ही कचेरी कोल्हापुरातच आहे की."

"जमीन कोल्हापूरची, पोरी. खुर्ची दिल्लीची."

तो खोटं बोलत नव्हता. नियम तसाच होता. रस्त्याच्या त्या बाजूला सरकार मला ओळखत होतं, या बाजूला नाही. मधे पंधरा-वीस पावलांचा रस्ता. पट्टी मात्र कुठल्याच नियमात नव्हती.

मग तो आवाज उतरवून म्हणाला, "एक कर. उद्या स्टँपपेपर आण. मी हिंदू महार, बौद्ध धर्म मानत न्हाई, असं लिहून दे. नोकरीपुरती महार हो. कायम झालीस की बस घरात बुद्धाला घिऊन. माझं काय जातंय?"

घरी आले. सांगितलं.

आबा, माझे वडील, गिरणीत कामाला. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातले टाक पंचगंगेत सोडले होते. मग एका दिवसाचा खाडा करून माझ्या शाळेत आले. मी दुसरीत. हेडमास्तरांसमोर उभं राहून रजिस्टरातलं 'हिंदू महार' त्यांनी तांबड्या शाईनं खोडून घेतलं. शाई वाळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

आई म्हणाली, "लिही की गं. कागदच हाय त्यो. पोटाला कुठला आलाय धर्म?"

आबा माझ्याकडं बघेनात. तसेच म्हणाले, "मी खोडलं, म्हणून तुझी नोकरी हातची चालली. लिही. माझी ना न्हाई."

पट्टीपेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी स्टँपपेपर घेऊन गेले. लिहायचं ठरवूनच गेले होते, खोटं कशाला सांगू. तो सांगू लागला, "लिही. मी हिंदू..."

मी 'मी' लिहिलं. तिथंच थांबले.

पहिलीत मला माठाला हात लावू देत नसत. दुसरी मुलं वरून ओतत, मी ओंजळीनं पीत असे. ज्या शब्दामुळं ते होत होतं, तोच शब्द आता माझ्या हातानं लिहायचा. तरच ही कचेरी मला आत घेणार. वर आबांनी केलं ते खोटं होतं, असंही शपथेवर सांगायचं.

पेनाला टोपण लावलं.

"मी लिहिणार नाही. मला का नाकारलं ते तुम्ही लिहून द्या. सही करून."

"लिहून द्यायची पद्धत न्हाई हितं."

"मग मी बसते."

"बस की. कचेरी साडेपाचला बंद हुतीया."

बसले. त्यानं दोनदा शिपायाला पाठवलं. उठले नाही. पाच वाजता साहेब बाहेर आले, कटकट नको म्हणाले आणि टाईप करून दिलं: उमेदवार बौद्ध असल्याने केंद्राच्या सवलतीस पात्र नाही. खाली सही. नोकरी दुसऱ्या नंबरच्या मुलाला गेली. तोही मजुराचाच पोरगा. त्याच्यावर राग नाही.

तो कागद घेऊन आमदारांकडं गेले. म्हणाले, हे केंद्राच्या हातात. खासदारांकडं गेले. म्हणाले, आधी राज्यानं जोर लावला पाहिजे. दोघांनीही चहा दिला. कागद कुणीच ठेवून घेतला नाही.

पुढं मला राज्याच्या सवलतीत शिक्षिकेची नोकरी मिळाली. जयसिंगपूरजवळच्या शाळेत आज इतकी वर्षं शिकवते आहे. एकोणीसशे पंच्याऐंशी साल आलं, तरी दिल्लीची यादी अजून तीच आहे.

आता वस्तीतल्या पोरी केंद्राचे फॉर्म घेऊन माझ्याकडं येतात. "बाई, धर्म काय लिहू?" मी सांगते, बौद्ध लिही. नाकारतील. रडायचं नाही, भांडायचं नाही, लेखी मागायचं. मिळेपर्यंत उठायचं नाही. असे कागद माझ्याकडं जमत चाललेत. दर वर्षी सगळ्यांच्या नकला मी दिल्लीला आणि मुंबईला, दोन्हीकडं रजिस्टर पोस्टानं पाठवते. एकाचं काम दुसऱ्यावर ढकलायला जागा ठेवत नाही. उत्तर येत नाही. पुढच्या वर्षी गठ्ठा आणखी जाड असेल.

तोंडी नकार ऐकून आमच्यातली एकही पोर आता घरी येणार नाही.