विहिरीच्या पलीकडचा बाजार

सालोमेमावशीचा नाताळच्या बाजाराला जायचा बेत दरवर्षी ऑक्टोबरात सुरू व्हायचा आणि डिसेंबरात मोडायचा. एकतीस वर्षं मी हे पाहत आलो. आमच्या हिंटरबाखपासून बाजाराचं गाव रोझनविर म्हणजे काही काशी-रामेश्वर नाही. डोंगर उतरायचा, उघडेबोडके द्राक्षमळे ओलांडायचे, की पाऊण तासात तटबंदीखाली गाडी उभी. पण मावशीला तो पाऊण तास एकतीस वर्षं संपला नाही.

मावशी म्हणजे शेजारीण, तिच्या आणि माझ्या घराची भिंत एक. वरच्या गोठ्यांवरचं चीज खालच्या गावांत पोचवायचं हा माझा धंदा. आमचं चीज चवीला राजा आणि वासाला मेलेलं मेंढरू. मी लग्न केलं नाही, त्यामुळे संध्याकाळी गाडी लावली की पाय आपोआप मावशीच्या स्वयंपाकघराकडे वळायचे. ती बटाट्याचं सूप द्यायची, आणि द्राक्षतोडणी संपून डोंगरावर धुकं उतरायला लागलं की एक दिवस फडताळातून तो कागद काढायची.

पाव गुंडाळायचा तपकिरी कागद, आणि त्यावर पेन्सिलीनं काढलेलं रोझनविर. वेस, वेशीवरचा मनोरा, दोन्ही बाजूंची लाकडी पट्ट्यांची वाकडी घरं, मधोमध विहीर. घड्यांवर पेन्सिल पुसली होती, ती मावशी दरवर्षी पुन्हा गिरवायची.

"गाडी कुठं लावणार, आलोईस?"

"वेशीबाहेर. अक्रोडाखाली."

"तिथं चिखल असतो."

"मग तुला उचलून नेतो."

"नको बाबा. तुझ्या गाडीतून उतरले की वासानंच वाट मोकळी होईल. मोठ्या पाद्रीसाहेबांनासुद्धा एवढी वाट कुणी देत नाही."

मग ती डोळे मिटायची आणि आम्ही निघायचो. मी सूप ओरपत असायचो आणि तरीही निघायचो, खोटं नाही सांगत. मनोऱ्याखाली अंधार असायचा आणि दगड ओले. पलीकडे गेलं की एकदम उजेड. डावीकडे मेणबत्तीवाला, त्याचा एक डोळा अधू आणि हात मात्र मधमाशीसारखे. त्याच्या पुढं गवताच्या चांदण्या विकणाऱ्या दोघी नणंदा-भावजया, जन्मभर एकमेकींशी भांडणाऱ्या आणि एकाच शालीत बसणाऱ्या. मग भाजक्या चेस्टनटचा धूर, मग गरम वाइनचं पातेलं, त्यातली दालचिनी आणि संत्र्याची सालं. छपरांवर करकोच्यांची रिकामी घरटी, आणि त्यांत साठलेलं बर्फ. मावशी इतकं हळू बोलायची की शेगडीतलं लाकूड तडकलं तरी दचकायला व्हायचं. चालत चालत आम्ही विहिरीशी पोचायचो. विहिरीच्या कठड्यावर देवदाराच्या फांद्या, लाल फिती.

"मग?" मी विचारायचो.

"मग काय? परत," म्हणत ती डोळे उघडायची आणि माझ्या पुढ्यातली वाटी उचलायची.

विहिरीच्या पलीकडे गल्ली उजवीकडे वळते. तिथं छोट्या देवळाच्या कमानीखाली लिओनीचं बिस्किटांचं दुकान असतं. लिओनी ही मावशीची सख्खी धाकटी बहीण. दुकान मुळात त्यांच्या आईचं. कागदावर त्या जागी काहीच काढलेलं नव्हतं.

दोघींचं फाटलं ते बिस्किटांवरून. हसू नका. आमच्या मुलखात नाताळला प्रत्येक घरात दहा तऱ्हांची बारकी बिस्किटं होतात, आणि त्यांत बाईची परीक्षा घेणारं एकच, बडीशेपेचं. अंडी आणि साखर हात मोडेपर्यंत फेटायची, पीठ घालायचं, पत्र्यावर रुपयाएवढे ठिपके सोडायचे आणि रात्रभर उबदार खोलीत सुकू द्यायचे. खोलीचं दार उघडायचं नाही. वाऱ्याची झुळूक लागली की संपलं. नीट सुकलेलं बिस्कीट भट्टीत वर उचललं जातं, वर पांढरी टोपी आणि खाली सोनेरी पाय. झुळूक लागलेलं सपाट पडतं. जगात इतरत्र एखाद्या वस्तूला पाय फुटले की ती घरातून नाहीशी होते. आमच्याकडे पाय फुटले नाहीत तर घराची अब्रू जाते.

ज्या वर्षी त्यांची आई गेली, त्या वर्षी दोघींनी ठरवलं की दुकान बंद ठेवायचं नाही. लिओनी रोझनविरहून माहेरी आली. आईच्याच खोलीत बिस्किटं सुकत घातली, कारण ती नेहमी तिथंच सुकायची. सकाळी भाजली तर आठशेच्या आठशे सपाट. लिओनी म्हणाली, "कुणीतरी दार उघडलंय." मावशी म्हणाली, "मग तूच उघडलं असशील, माझ्याकडे काय बघतेस?" तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, आमच्या भिंतीला कान लावून ऐकत होतो. त्या पलीकडे फार शब्द झाले नाहीत. लिओनी दुपारच्या बसनं गेली आणि पुन्हा या दारात आली नाही. मावशीनंही बडीशेपेची बिस्किटं पुन्हा केली नाहीत. लोण्याची, बदामाची, दालचिनीच्या चांदण्या, सगळं करायची. बडीशेपेचा डबा मात्र फडताळात वरच्या फळीवर रिकामा.

आणि दरवर्षी बेत. कधी गुडघा धरायचा, कधी घाटात बर्फ, कधी कोंबडी अंड्यावर बसलेली. "परक्या गावच्या बसगाड्या येतात रे, चेंगरून मरेन." मी मुकाट्यानं एकटा जायचो आणि आल्यावर तिला बाजार सांगायचो. सगळं जागच्या जागी आहे म्हणायचो. लिओनीबद्दल ती विचारायची नाही, मी एवढंच म्हणायचो, "कमानीखाली गर्दी होती." त्यावर ती शेगडीत लाकूड सारायची.

यंदा ऑक्टोबरात रोझनविरच्या वाइनवाल्यानं मला बातमी दिली. लिओनी आता सत्तरीची, हात कापतात. हा शेवटचा नाताळ. जानेवारीत मुलगा तिला तुलूझला घेऊन जाणार, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून या वयात कोण परत येतं?

मी मावशीला सांगितलं तेव्हा ती सफरचंदं सोलत होती. साल तुटली नाही, सुरी थांबली नाही. "बरं," म्हणाली. मला तिचा संताप आला. मी म्हटलं, "मावशी, तू दगड आहेस दगड," आणि सूप न पिता घरी गेलो.

डिसेंबर लागला तरी तिनं कागद काढला नाही. मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला, यंदा बेतही नाही आणि मोडणंही नाही. मग ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, तिसऱ्या शनिवारी सकाळी भिंतीतून वास आला. बडीशेप. मी तसाच सपाता घालून तिच्या घरात शिरलो आणि वासामागं आईच्या खोलीपर्यंत गेलो, कडीला हात घातला.

"दार!" मावशी जिन्यावरून किंचाळली. "हात लावशील तर तोडून ठेवीन मेल्या!"

ती रात्रभर जिन्यातच बसली होती. अंगावर दोन शाली, मांडीवर जपमाळ. आईच्या खोलीची राखण करत.

आठ वाजता तिनं स्वतः दार उघडलं आणि बिस्किटं भट्टीत सारली. आम्ही दोघं भट्टीच्या काचेसमोर वाकून उभे. मला वाटलं, आता वर येत नाहीत. मग एका कोपऱ्यातलं एक हललं, वर उचललं, आणि पाठोपाठ सगळी उठली. मावशीनं काचेवर तळहात टेकला. काच तापलेली होती, तिला कळलं नाही.

"गाडी धुतलीस का?" तिनं विचारलं.

मी गाडी व्हिनेगरनं तीनदा धुतली. मावशीनं टोपी चारदा बदलली. डबा मांडीवर घेऊन ती बसली, काळा कोट गळ्यापर्यंत लावून, आणि आम्ही घाट उतरू लागलो. धुकं इतकं होतं की मळ्यांतले खांब एकेक करून पुढे यायचे आणि मागे जायचे. मला वाटत होतं आपण अजून तिच्या स्वयंपाकघरातच आहोत, डोळे मिटून.

अक्रोड नव्हता. तिथं डांबर घातलं होतं.

"कापला?"

"झाली काही वर्षं."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वेशीकडे चालू लागली. मनोऱ्याखाली दगड ओले होते, तेवढं खरं निघालं. पलीकडे गेलो. डावीकडे लोकरीच्या टोप्यांचं दुकान.

"मेणबत्तीवाला?"

"मेला. अकरा वर्षं झाली."

"अरे, गेल्या नाताळला तू म्हणालास त्यानं माझी चौकशी केली!"

"म्हणालो खरा."

"आणि त्या नणंदा-भावजया?"

"थोरली गेली. धाकटी मुलीकडे असते, कुणाला ओळखत नाही."

मी मान खाली घातली. वाटलं, आता ही मागं वळणार, आणि पाप माझ्या माथी. एकतीस वर्षं मी तिला कागदातलं गाव जपून दिलं होतं, तिच्या सुखासाठी म्हणून, आणि खरं म्हणजे माझ्याही. त्या बाजारात आम्ही दोघंच हिंडत होतो, तिथं कुणी मरत नव्हतं. पण ती मागं वळली नाही. म्हणाली, "खोटारड्या. निदान मेलेल्याचा निरोप तरी आणायचा नव्हतास," आणि तिला हसू आलं. हसता हसता डबा उरावर घट्ट धरला.

विहिरीशी मात्र तिचा पाय अडला. फांद्या होत्या, लाल फिती होत्या. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत होती, गरम वाइनची वाफ आमच्या तोंडावर येत होती, कुठंतरी पोरं गात होती. ती कठड्याला टेकून उभी राहिली.

"मावशी, परत?"

"दार मीच उघडलं होतं, आलोईस."

मला आधी कळलंच नाही.

"त्या रात्री. झोप येईना. आईच्या पलंगावर जाऊन बसले, उशीत तोंड घालून रडले. मागं दार सताड उघडं राहिलं, मला भानच नव्हतं. सकाळी कळलं, आणि तिच्यावर ढकलून दिलं." तिनं नाक पुसलं. "दरवर्षी हे सांगायलाच निघायचे मी. इथपर्यंत यायचे आणि पुढं मला गल्ली दिसायचीच नाही."

मला तिची कीव आली, आणि त्याहून जास्त लिओनीची. मी एवढंच म्हटलं, "गल्ली उजवीकडे वळते. चल."

कमानीखाली दुकानासमोर रांग होती. मावशी रांगेत उभी राहिली, माझं ऐकेना. पुढं चार माणसं, तीन, दोन. लिओनी खाली बघून पुड्या बांधत होती, कापऱ्या हातांनी फितीची गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. "काय देऊ?" तिनं मान वर न करता विचारलं.

मावशीनं डबा फळीवर ठेवला आणि झाकण काढलं.

लिओनी थांबली. एक बिस्कीट उचलून तिनं उलटं केलं. आमच्याकडे कुणीही तेच करतं, आधी खालची बाजू पाहतं. मग अंगठा त्या सोनेरी कडेवरून फिरवला.

"पाय आलेत," ती म्हणाली.

"लिओनी, दार मी..."

"माहीत आहे, ताई."

"काय माहीत आहे?"

"त्याच सकाळी आईच्या उशीवर तुझा केसांचा आकडा सापडला होता मला." लिओनीनं वर पाहिलं. "तू माझ्यावर ढकललंस तेही मी कधीच गिळलं असतं. बिस्किटं गेली खड्ड्यात. पण शेजारी झोपले होते गं मी. माझी नव्हती का ती आई? रडायला एकटीच गेलीस. मला का नाही उठवलंस?"

एकतीस वर्षांच्या बेतात मावशीनं काय काय ठरवलं होतं. गाडी कुठं लावायची, टोपी कुठली घालायची, माफी कुठल्या शब्दांत मागायची. या प्रश्नाचं उत्तर तिनं ठरवलेलं नव्हतं. ती उभी राहिली, टोपी तिरकी झालेली, आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. रांगेतली माणसं नुसती उभी होती. कुणी घाई केली नाही.

लिओनीनं दुकानाच्या बाजूचं लहानसं लाकडी दार आतून ढकललं.

"आत ये," ती म्हणाली. "आणि दार लाव मागं. वारा येतोय."

मावशी आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.