आधी घासभर भात

लेकींनो, जरा जवळ सरका, रागवायचंय तुम्हाला. मुळशीला फिरायला येता, धरण बघता, आणि परतताना आमच्या टपऱ्यांवर कच्चा तांदूळ नाकाला लावून विकत घेता! अक्का असती तर हातातली मूठ सोडवली असती...

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. महिना झाला तिला जाऊन. पुतण्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळच पाखडत होते. सूप हातात तसंच राहिलं.

पौडच्या रस्त्याला तिची आंबेमोहोराची टपरी. शेजारी स्टोव्ह, त्यावर पातेलं. गिऱ्हाइकाला आधी घासभर भात, मग तांदूळ. एकदा सरकारी माणूस नोंदणीचं विचारायला आला, तर म्हणाली, "माज्या भाताला सरकार कशाला? गिऱ्हाईक हाय की. न्हाई आवडला तर उद्या येनार न्हाई." त्यालाही वाढला. तो बिचारा खाऊन, हसून गेला.

पुढं टपऱ्या वाढल्या. काहीजण साध्या तांदळाला वासाचं पाणी चोळायला लागले. पोत्यात घमघमाट, शिजला की काही नाही. लोक स्वस्त ते न्यायचे आणि घरी जाऊन शिव्या द्यायचे मुळशीच्या तांदळाला.  शेवटी अक्का म्हणाली, "फसल्यालं गिऱ्हाईक माज्याकडं बी येत न्हाई गं. चल पौडला." कचेऱ्या पालथ्या घालून तिनं तपासणी मागितली. वर सांगून आली, "पयली माजी पोती उघडा."

साहेब आले. तांदूळ चोख निघाला, पण नोंदणी कुठं होती? ऐन हंगामात पहिली टपरी बंद झाली ती अक्काचीच! शेजारचा ओरडला, "काय अक्का, सरकार जेवायला बोलावलं व्हय?"

"व्हय तर! माज्याकडनं उठलं की तुज्याच पंगतीला बसतंय बग."

आणि बसलंच. त्याची वासाचं पाणी चोळलेली पोती उचलली गेली. मी मात्र अक्कावर चिडले होते, बंद टपरीपुढं उभी राहून ही हसतेय काय म्हणून! रीतसर नोंदणी करून ती पुन्हा उभी राहिली. बाजारावर तिचा जीव होता, पण आंधळा नव्हता. स्टोव्ह मात्र हलवला नाही. "सायेब काय रोज येनार हाय? गिऱ्हाईक रोज चाखतंय की," म्हणायची.

आता टपरीवर मी बसते. पातेलं तेच, बुडाशी काळं झालेलं. माझा भात अजून तिच्यासारखा होत नाही... पण नवा तांदूळ आलाय. या लवकर. हुंगू नका, बसा, घास खा, मग काय ते घ्या.