काठीवरच्या दोन खुणा

डिचोलीच्या एका गॅरेजात मी स्कूटरचं पंक्चर काढून घेत बसलो होतो, तेव्हा तो आला. साठीचा, लाटंबार्शाकडचा. खाणीच्या रस्त्यांसाठी त्याने कधीकाळी पिकअप उंच करून घेतली होती. खाण बंद पडली, गाडी उंचच राहिली.

"खाली कर. टायर लहान घाल," एवढंच तो मेकॅनिकला म्हणाला.

त्याच्या हातात बांबूची काठी होती, तिच्यावर कोयत्याने पाडलेल्या दोन खुणा. गप्प बसणं मला जमत नाही. मी विचारलंच.

"माझ्या बायलेचो पाय इतकोच वर येता," तो म्हणाला. "आठवड्यात तीनदा बांबोळीच्या हॉस्पिटलाक नेतंय, रगत साफ करूक. उचलून बसवली तर रडता."

स्प्रिंगच्या पाट्यांखालचे, गाडी उंच करणारे लोखंडी ठोकळे निघाले, लहान टायर चढले. त्याने काठी उभी धरली. गाडीची पायरी वरच्या खुणेला बरोबर टेकली.

"जमलं!" मी म्हणालो.

"ती गेल्या सोमाराची. ही खालची आज सकाळची. आणखी दोन बोटां खाली घे."

"काका, याच्याखाली जात नाही," मेकॅनिक म्हणाला. "कंपनीतनं आली तेव्हा एवढीच होती."

"तेव्हा ही कडेवर पोर घेऊन चढत होती."

मेकॅनिकने मान खाली घातली. "खाली आणखी एक पायरी वेल्ड करून देतो. कुठपर्यंत लावू, दाखवा."

म्हाताऱ्याने खालच्या खुणेवर अंगठा ठेवला. मग तो अंगठा हळूहळू खाली सरकत गेला. काठी संपेपर्यंत तो कुठेच थांबला नाही.