टाचण्यांचा चुंबक

इंदूबाईंनी शिवलेलं ब्लाउज अंगात नीट बसलं नाही असं कुणी म्हटलं, तर रायपूरच्या गुढियारी भागातल्या त्या गल्लीतल्या बायका आधी म्हणणारीच्याच अंगाकडे बघत. इतका बाईंचा दबदबा. आर्वीहून लग्न होऊन त्या रायपूरला आल्या. नवरा श्यामराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. माहेराहून आणलेलं शिलाई मशीन त्यांनी पुढच्या खोलीत खिडकीशी मांडलं, ते आजही तिथंच आहे. श्यामराव निवृत्त झाले, बाई झाल्या नाहीत. गिऱ्हाइकानं मापावरून हुज्जत घातलीच, तर कापड घडी करून परत हातात ठेवत. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला एक फीत असे आणि फितीला जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक. शिवताना टाचण्या पडायच्याच, आणि वाकून वेचायला कंबर तयार नसायची. मग फीत गळ्यातून काढायची, चुंबक फरशीवरून फिरवायचा, टाचण्या गोळा झाल्या की फीत परत गळ्यात. गल्लीतल्या निम्म्या बायका हा चुंबक बघूनच बाईंना ओळखत.

चार वर्षांपूर्वी नागपूरला भावाकडे गेल्या असताना बाई चक्कर येऊन पडल्या. हृदयाचे ठोके फार मंद पडत होते. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत पेसमेकर बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी जी पथ्यं सांगितली, त्यात चुंबक छातीपासून लांब ठेवा हेही होतं. बाईंनी मान डोलावली. काही दिवस फीत खुंटीवर राहिली. मग एकदा सवयीनं गळ्यात पडली, काही झालं नाही, आणि बाईंनी ठरवून टाकलं की डॉक्टर लोक उगाच भेवडावतात. अधूनमधून मशीनवर वाकलं की छातीत धडधड व्हायची. ती त्यांनी चहाच्या नावावर टाकली.

या उन्हाळ्यात पंडरीच्या कापडबाजारातल्या एका दुकानदाराच्या मुलीचं लग्नाचं ब्लाउज शिवायला आलं होतं. मोतिया रंगाचं रेशीम. बाही जोडता जोडता बाईंना कापडावर लाल ठिपका दिसला. मग दुसरा. उजव्या हाताच्या बोटात टाचणी चांगली रुतलेली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी मुद्दाम दुसऱ्या बोटाला टोचून बघितलं. काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना आपल्या हाताची भीती वाटली.

पुढे कात्री निसटायला लागली, हुक लागेनात. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, मानेत नस दबते आहे असं वाटतं. एमआरआय केल्याशिवाय नेमकी कुठं दबते ते कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय ऑपरेशन नाही. फार थांबलात तर हातात गेलेला जोर परत येईलच असं सांगता येत नाही. बाई तशाच उठून एमआरआय सेंटरला गेल्या. खिडकीतल्या माणसानं पेसमेकर हा शब्द ऐकला आणि मानही वर न करता म्हणाला, "पेसमेकर वालों का नहीं होता, अम्मा." बस, एवढंच.

घरी येऊन बाई मशीनसमोर नुसत्या बसून राहिल्या. श्यामरावांनी विचारलं, "काहून गप्प बसून राहिली वो?" बाईंच्या डोक्यात बेत शिजत होता. सेंटर काही एकच नाही. दुसरीकडे जायचं आणि पेसमेकरचं नावच काढायचं नाही. चार वर्षं चुंबक छातीवर बाळगला, कुठं काय झालं? मोठा चुंबक तो काय वेगळं करणार?

दुसऱ्या सेंटरला सोबत सून आली. गंधाली. ती रायपूरच्या जुन्या, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथं असलेल्या मराठी घराण्यातली. मराठी सगळी समजायची, उत्तर हिंदीत द्यायची, आणि यावरून सासू-सुनेची रोज एक चकमक ठरलेली. आतल्या माणसानं विचारायला सुरुवात केली. शरीरात कुठं सळी, क्लिप? नाही. कानात मशीन? नाही. पेसमेकर?

"नाही," बाई ठासून म्हणाल्या.

गंधालीनं सासूकडे पाहिलं. सासूनं डोळे वटारले.

"है," गंधाली म्हणाली. "पेसमेकर है इनको."

बाईंना भरल्या जागेत कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तो माणूस मात्र ओरडला नाही. म्हणाला, दीदी, बरं झालं बोललात. आमच्याकडे नाही होणार, पण होतच नाही असं नाही. हृदयाचे डॉक्टर जिथं हजर असतात अशा मोठ्या हॉस्पिटलात जा. पेसमेकर आणि त्याच्या तारा एमआरआयला चालणाऱ्या आहेत का हे ते डॉक्टर बघतील. पेसमेकर बसवताना मिळालेलं कार्ड सोबत न्या.

यातलं बाईंच्या कानात काही शिरलं नाही. ऑटोत बसल्या बसल्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "लोकांसमोर मले खोटी पाडलं! माहा हात गेला तं तू शिवशील का ब्लाउज? मी जेवीन कशी हे विचारलं का कोणी मले?"

गंधाली रस्त्याकडे बघत होती. तिचा आवाज चढला नाही. "हाथ गया तो मैं खिला दूँगी, आई. आप ही चली गईं तो मैं रोज़ लड़ूँगी किससे?"

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. घरी आल्यावर गंधालीनं मागितलं, तेव्हा बाईंनी पेटीतून पेसमेकरचं कार्ड काढून दिलं.

मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, कार्ड पाहिलं आणि म्हणाले की यंत्रही चालण्यासारखं आहे आणि ताराही. पेसमेकर तपासायला सुशील नावाचा तंत्रज्ञ आला. छातीवर एक चपटं यंत्र ठेवून तो पडद्यावर बाईंचे ठोके बघत होता. बाईंना राहवलं नाही. पिशवीतून फीत काढून म्हणाल्या, "एवढं सगळं कशाले भैया? हा चुंबक मी रोज गळ्यात घालते. मले तं काही नाही होत."

सुशीलनं चुंबक हातात घेऊन उलटसुलट केला, डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. त्यानं स्वतःचं यंत्र बाजूला केलं आणि फितीचा चुंबक हळूच बाईंच्या डाव्या खांद्याखाली टेकवला. "स्क्रीन देखिए, अम्मा."

पडद्यावरचे ठोके एकाएकी बदलले. आधी ते बाईंच्या हृदयाच्या कलानं चालले होते. आता ते जलद झाले, सगळे एकसारखे, जणू कुणी बाहेरून शिलाई मशीनचं पायडल दाबतंय. आणि छातीत तीच धडधड. चहाची. त्यानं चुंबक उचलला, ठोके परत आपल्या चालीवर आले.

"इतने से में ये," सुशील म्हणाला. "वो मशीन तो बहुत बड़ा चुंबक है. इसलिए पेसमेकर को पहले से तैयार करना पड़ता है."

त्या दिवशी गंधाली गप्प बसली असती, तर बाई न सांगता, न तयारी करता एमआरआयच्या बोगद्यात शिरल्या असत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. गंधाली खुर्चीत मोबाईलवर नवऱ्याला, उरला औद्योगिक वसाहतीत ड्युटीवर असलेल्या पियुषला, मेसेज करत होती. तिनं मुद्दाम वर पाहिलं नाही.

एमआरआयच्या दिवशी नर्सनं अंगावरचं सगळं उतरवायला लावलं. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना. वर ब्लाउजच्या काठात खोचलेल्या टाचण्या सापडल्या त्या वेगळ्याच. नर्स हसली, बाईही ओशाळून हसल्या. सुशीलनं पेसमेकर एमआरआयच्या चालीवर लावला, छातीवर ठोके मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या. घाबरलात तर दाबा म्हणून एक रबरी फुगा उजव्या हातात दिला.

"या हाताले समजत नाही," बाई म्हणाल्या. त्यानं तो डाव्या हातात दिला.

आत ठकठक, घरघर, पुन्हा ठकठक. काचेपलीकडे डॉक्टर ठोक्यांवर डोळा ठेवून होते. बाईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात एक अख्खं ब्लाउज बेतलं. पाठ, पुढा, अस्तर. बाह्या राहिल्या होत्या तेवढ्यात त्यांना बाहेर काढलं. सुशीलनं पेसमेकर पुन्हा रोजच्या चालीवर आणला, तपासला, आणि म्हणाला, "हो गया अम्मा. सब पहले जैसा."

नस कुठं दबते ते दिसलं होतं. ऑपरेशन झालं. गळ्याला पट्टा बांधून बाई घरी आल्या, तेव्हा फीत गंधालीच्या गळ्यात होती. कामावरून आली की ती फटींत राहिलेल्या टाचण्यांसाठी फरशीवरून चुंबक फिरवायची, आणि सासू खाटेवरून सांगायची, "कोपऱ्यात बघ. झाडून राहिली का शोधून राहिली?" श्यामराव पेपरात तोंड घालून हसायचे.

डॉक्टरांनी हलकं काम करायला परवानगी दिली, तेव्हा बाई मशीनवर बसल्या. गंधालीचंच ब्लाउज घेतलं. तिचं माप घ्यायची गरज नव्हती. अस्तर टाचत असताना त्या एकदम ओरडल्या. गंधाली स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली.

बाई उजव्या हाताचं बोट धरून बसल्या होत्या. त्यावर रक्ताचा बारीक थेंब होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"टोचलं वो गंधाली," त्या म्हणाल्या. "लय दुखलं."