बस्त्याचे पाहुणे आणि आबांची खोली

सुरतेला बिऱ्हाड हलवण्याआधी मी एक अंदाजपत्रक केलं होतं. आमच्या घरात त्याचं नाव अजूनही 'तो कागद' असं आहे, आणि बायको ते दोन शब्द उच्चारते तेव्हा मी शक्यतो पाणी प्यायला उठतो.

दोंडाईच्याच्या एका पतसंस्थेत मी बरीच वर्षं लोकांच्या ठेवींचे हिशेब लिहिले. संस्था बंद पडली. पण मी हिशेबाचा माणूस आहे हा माझा समज काही बंद पडला नाही. त्या समजाच्या जोरावर कागद तयार झाला. भाडं, किराणा, दूध, मुलीची शाळा, मिलपर्यंतची शेअर रिक्षा. दाढीच्या ब्लेडांनासुद्धा मी वेगळी ओळ दिली होती. 'अकल्पित खर्च' म्हणूनही एक रकाना होता. जे कल्पनेतच नाही त्याचा आकडा आधीच ठरवून ठेवणारा माणूस किती हुशार असेल, ते तुम्हीच बघा.

सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, लिहिलं होतं: आबांची खोली.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याबरोबरच राहायचे. पण सुरतेच्या डिंडोली भागात आम्हाला परवडत होती ती एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. चौथ्या माणसाला तिथं पाय पसरायला जागा नव्हती.

"एक वर्ष काढा आबा," मी म्हणालो. "तेवढ्यात डिपॉझिट साठवतो, दोन खोल्यांचं घर बघतो आणि तुम्हाला न्यायला येतो."

"बरं," आबा म्हणाले.

त्यांचं 'बरं' म्हणजे होकार की नुसता आवाज, ते आईला कळायचं. मला कधी कळलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ते स्टेशनवर आले नाहीत. ओट्यावर बसून राहिले, आणि रिक्षा वळली तेव्हा त्यांनी हात वर केला.

पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात मला हजेरी आणि पगारपत्रकाचं काम मिळालं. बायको घरी साड्या आणून त्यांना खडे चिकटवायची, लेस लावायची. माझ्या पगारात घर चालवायचं आणि तिचे पैसे खोलीसाठी बाजूला टाकायचे, असं ठरलं. दिवाळीपर्यंत सगळं कागदाप्रमाणे चाललं. मिलमधल्या दोघातिघांना मी बचतीवर व्याख्यानही दिलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. त्यांना सुरतेत राहून बरीच वर्षं झाली होती, हे मला नंतर सुचलं.

तुळशीचं लग्न लागलं आणि पहिला फोन आला.

"भाऊ, आमी उधन्याले उतरेल शेतस. तुनं घर कोनीकडे शे?"

आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता सुरतेहून आणायचा. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी: नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, आत्या-मावश्या-माम्या, रुसलेल्या आणि रुसू शकणाऱ्या सगळ्या. ही खरेदी एकट्यादुकट्यानं होत नाही. नवरदेवाचा बाप येतो, मामा येतात, ज्यांचा शब्द अखेरचा अशा दोन बायका येतात, आणि कुठलाही पहिला भाव ऐकून "नही" म्हणायला एक म्हातारा येतो. ही सगळी मंडळी सुरतेत ओळखीच्या घरी उतरतात. माझ्या कागदावर ब्लेडं होती. ही माणसं नव्हती.

पाहुण्यांना शेवभाजी लागायची, सकाळी डाळीचा वाफाळता सुरती लोचो खायचा असायचा, आणि मार्केट दाखवायला मी लागायचो, कारण मी सुरतचा. मला मार्केटातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा मी सगळी वरात 'जवळच्या रस्त्यानं' नेली आणि चिंध्यांच्या गोदामात नेऊन सोडली. मी घासाघीस करायला लागलो की दुकानदारांचे चेहरे खुलायचे. जाताना पाहुणे बायकोच्या हातात एक ब्लाउजपीस ठेवायचे. साडी नाही, नुसता ब्लाउजपीस. एका पेटीत त्यांची थप्पी वाढत गेली.

खालच्या घरमालकीणबाई जिन्यात चपलांचा ढीग बघून म्हणायच्या, "तमारे घेर तो रोज लगन छे!"

मी हसायचो. बायको हसायची नाही. पाहुणे आले की तिच्या साड्यांचे गठ्ठे जिन्याखाली जायचे, काम थांबायचं, आणि शेठचा माणूस तो माल दुसऱ्या बाईला देऊन टाकायचा. म्हणजे खर्च माझ्या पगारातून व्हायचा आणि कमाई तिची बुडायची. होळीच्या सुमाराला तिनं विचारलं, "खोलीचे किती झाले?"

"थोडी तूट आहे," मी म्हणालो.

"थोडी तूट म्हणजे काही आहे, का नुसती तूटच आहे?"

मी पाणी प्यायला उठलो.

त्यातच एका पाहुण्यानं भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं. "आम्ही लॉजवर उतरणार होतो. पण तुमचे आबा बसथांब्यावर भेटले. म्हणाले, लॉज कशाला? आमचा पोरगा आहे ना सुरतेला!" आधीचेही सगळे तसेच आले होते. कुणाचा बस्ता ठरला की आबा त्यांना गाठायचे, पत्ता द्यायचे.

पाहुणे गेल्यावर बायको ताटं गोळा करत होती. "आबांची खोली आबाच जेवू घालतायत," ती म्हणाली. रागावून नाही. त्यामुळे ते जास्त लागलं.

सरळ फोन करायला हवा होता. पण 'लोकांना पाठवू नका' असं बापाला सांगायचं, तर आपण सुरतेत काय मिळवलं हेही सांगावं लागतं. मी दुसरा मार्ग काढला. उन्हाळ्याच्या लग्नसराईत एका लांबच्या मामांचा फोन आला, की उद्या निघतोय. मी आवाज पाडून म्हणालो, "मामा, या हो, पण मुलीला कांजिण्या निघाल्यात."

आमच्या गावात अजून त्याला देवी आल्या असंच म्हणतात, आणि लग्नघरचं माणूस त्या उंबऱ्यात पाऊल ठेवत नाही. मामांनी लगेच फोन ठेवला. हा बेत मला माझ्या कागदापेक्षाही सुबक वाटला.

"लेकराच्या नावानं असलं बोलू नये," बायको एवढंच म्हणाली आणि देवापुढे दिवा लावून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी खाली दोरीउड्या मारत होती. ती धावत वर आली, आणि तिच्या हातात आबांचा हात होता.

"पप्पा, आबा आले! आबा, झाडाच्या फांद्या कशाला आणल्या?"

आबांच्या काखेत कडुनिंबाचा भारा होता, दुसऱ्या हातात देवीसाठी नारळ. मामांकडून गावात कळलं तसे ते निघाले होते. याआधी ते सुरतेला कधीच आले नव्हते. गाडीत उभ्यानं आले होते, उधन्याला उतरून लोकांना पत्ता विचारत डिंडोलीपर्यंत आले होते. धोतराला काजळी लागली होती. त्यांनी खाली बसून नातीचं कपाळ चाचपलं, हात उलटेसुलटे करून पाहिले, फ्रॉकची कॉलर सारून मान पाहिली.

"हिले तं काही व्हयेल नही."

"नाही," मी म्हणालो.

"मंग?"

मग मी सगळं सांगितलं. पाहुणे, शेवभाजी, जिन्याखालचे गठ्ठे, खोलीचे पैसे. आबा कडुनिंब मांडीवर घेऊन ऐकत होते. मुलगी त्यातली पानं तोडून त्यांच्या टोपीत खोचत होती.

"म्हनजे त्या लोके जेवनात, तो पैसा मना खोलीना व्हता," ते शेवटी म्हणाले. "माले कोनी सांगं नही."

त्यांनी भारा मांडीवरून खाली ठेवला. मग त्यांनी त्यांच्या बोलीत जे सांगितलं ते असं: तू फोनवर 'बरं आहे, बरं आहे' म्हणतोस. फोनवर सगळेच बरे असतात. जे येऊन जातात ते डोळ्यांनी बघून येतात. त्यांच्याकडून मला कळतं, नातीचा पुढचा दात पडला, सूनबाईला चष्मा लागला, तू पाहुण्यांना खोली देऊन गच्चीवर झोपतोस.

"कोरडा खोकला शे तुले," ते म्हणाले. "फोनवर तू सांगं नही."

मग ते उठले आणि पाणी प्यायला गेले. माठ स्वयंपाकघरात, दाराच्या मागे असतो. नव्या माणसाला तो दिसत नाही. आबांनी कोणाला विचारलं नाही. या घरात पहिल्यांदा आलेला माणूस सरळ दारामागे गेला आणि पेला भरून घेतला. बायको पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. त्यानंतर आमच्याकडे कोणीही आलं नाही. बायकोचं काम सुरू झालं, पैसे साठू लागले, आणि पुढच्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही डिंडोलीतच दोन खोल्यांचं घर घेतलं. मी आबांना न्यायला गेलो. गावच्या घराला त्यांनी स्वतः कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं.

त्यांच्या खोलीला बायकोनं ब्लाउजपीस जोडून पडदा शिवला होता. आबा त्याच्यासमोर उभे राहिले. "हाई सरपंचना घरनं," एका तुकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "हाई पाटलासनं." त्या लग्नांना ते जेवून आले होते, साड्या त्यांनी पाहिल्या होत्या.

मी नवा कागद केला होता. शिकलो होतो ना! त्यात आता 'पाहुणे' अशी ठळक ओळ होती आणि तिच्यापुढे चांगला आकडा.

तुळशीचं लग्न लागलं. फोन आला नाही. पौष सरला, लग्नसराई पुन्हा सुरू झाली. पाठवणारा माणूसच आता आमच्याकडे होता. गावच्या बसथांब्यावर पत्ता देणारं कोणी उरलं नव्हतं. लोक भाड्याची गाडी करून सकाळी यायचे आणि संध्याकाळी बस्ता घेऊन परत जायचे. आबांना ते नंतर फोनवर कळायचं.

"आठेच इसन गयात?" ते विचारायचे. इथंच येऊन गेले? मग फोन माझ्याकडे द्यायचे.

ते गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. अर्धी भाकरी ताटात राहू लागली. नात शाळेत, मी मिलमध्ये, सून खडे चिकटवण्यात. एके दिवशी मी घरी आलो तर त्यांची पिशवी भरून कोपऱ्यात ठेवलेली होती.

"जाऊ का मी गावले?"

"आबा, काय कमी आहे इथं?"

"कमी काही नही." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "खोली चांगली शे. पन दिनभर मी हिना पाहुना शे."

गावात कुलूपबंद घर होतं, चूल थंड होती, आणि आबा मागच्या वर्षापेक्षा जास्त वाकले होते. या वयात एकटे तिथं पडले-झडले तर कळणार कोणाकडून? खोलीसाठी आम्ही सगळं केलं होतं, आणि ती खोलीच त्यांना धरून ठेवत नव्हती. मला काही सुचेना. जिथं सुचत नाही तिथं मी हिशेब करतो. मी परतीच्या तिकिटाचा विचार करू लागलो.

बायको म्हणाली, "जाण्याआधी एकदा मार्केट तरी दाखवा त्यांना. एवढी माणसं पाठवली, स्वतः कधी पाहिलं नाही."

माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही रिंग रोडला गेलो. डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं, हातगाड्या, जिने, पुन्हा जिने. परंपरेप्रमाणे मी रस्ता चुकलो. एका अरुंद गाळ्यांच्या रांगेत 'इकडून की तिकडून' करत असताना आबा एकाएकी थांबले. एका दुकानातून बाईचा आवाज येत होता, भाव पाडणारा, ठणठणीत, आमच्या बोलीतला.

आबांनी चपला काढल्या आणि ते सरळ आत गेले.

"कोन गावना शेतस?"

मंडळी साक्रीकडची होती. आम्ही त्यांचं गाव कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यात भाव नाकारणारा म्हातारा नव्हता. आजारी पडला म्हणून घरी ठेवला होता म्हणे. आबा पांढऱ्या गादीवर बसले. दुकानदारानं शालूचा भाव सांगितला.

"नही," आबा म्हणाले.

इतक्या महिन्यांत त्यांचा तो आवाज मी ऐकला नव्हता. तासाभरानं बस्ता बांधून झाला तेव्हा दुकानदार घाम पुसत होता.

"दुपारनं जेवन कोठे शे?" आबांनी विचारलं.

"हाटेलमा, बाबा. सांजनी गाडी शे."

"हाटेलमा? आंडोर शे ना मना आठे!"

आंडोर म्हणजे पोरगा. त्यांनी माझ्याकडे न बघताच माझ्याकडे बोट केलं. मी बाहेर जाऊन बायकोला फोन लावला.

"किती माणसं?" तिनं विचारलं.

"मोजली नाहीत."

पलीकडे डबे उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "येताना दूध आणा. आणि शेव. तिखट बघून घ्या."

जेवणं आबांच्या खोलीत झाली. आबा स्वतः बसलेच नाहीत. "तेल लागस का, मिरची लागस का" करत पंक्तीत फिरत होते. सुनेला त्यांनी सांगितलं, पाहुण्यांना दारामागचं गार पाणी दे. गाडीला वेळ होता, बायका थकल्या होत्या. त्यांना पाठ टेकायला अंथरूण कमी पडलं. आबांनी इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातली भरलेली पिशवी ओढली आणि तिच्यातून आपली गोधडी काढली. मग धोतरं काढून फळीवर ठेवली, टोपी खुंटीला लावली, आणि रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली.

"आजून शेव लई ये," ते म्हणाले. "सांजले यास्नी सोबत देवानी शे."

आत बसायला मलाही जागा उरली नव्हती. पिशवी घेऊन मी शेव आणायला जिना उतरलो.