खोडलेली अट

अडतिसाव्या वर्षी मी एलएल.एम.ला प्रवेश घेतला तेव्हा घरात कोणी पेढे वाटले नाहीत. नवरा म्हणाला, "कर ना, पण संध्याकाळच्या स्वयंपाकाचं काय?" नववीतली लेक म्हणाली, "आई, प्लीज माझ्यासमोर बसून अभ्यास करू नकोस, मला टेन्शन येतं." अंधेरीच्या एका कंपनीत मी बारा वर्षं दुसऱ्यांचे करारनामे तपासत होते आणि त्या कामाला पुरती विटले होते. ही पदवी मिळाली तर एखाद्या लॉ कॉलेजात शिकवता येईल, इतकाच माझा मतलब होता. आठवड्यातून तीन संध्याकाळी सांताक्रूझला वर्ग असायचे. वर्गातली पोरं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर मला मॅडम समजून सगळी उभी राहिली.

कौतुक होतं ते एकट्या बाबांना. बाबा मूळचे मालवणकडचे, गिरणीतले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वीस वर्षं एका कारखान्याच्या गेटवर काढली आणि त्यातून बोरीवलीला वन बीएचके घेतलं. आई गेल्यावर तिथे ते, माझा धाकटा भाऊ, वहिनी आणि नातू असे राहत होते. सोसायटीच्या बाकावर बसून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमचा चेडू वकिलीच्या वरची परीक्षा देता." ऐकणाऱ्याला त्यात काडीचा रस नसायचा, पण बाबांना त्याचं काही नव्हतं.

पहिली सेमिस्टर चालू असतानाच त्यांनी मला बोलावून घेतलं. हातपाय चालताहेत तोवर घर मुलाच्या नावावर करायचं त्यांच्या मनात होतं. मला त्यात गैर काही वाटलं नाही. घर त्यांच्या कमाईचं, त्यांनी कुणालाही द्यावं. "बक्षीसपत्र तूच लिव," ते म्हणाले. "घरात वकील असताना भायरचो कित्याक?" मला अभिमानच वाटला.

त्याच आठवड्यात वर्गात ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा शिकवून झाला होता. त्यातलं तेविसावं कलम असं: आईबापांनी 'मला शेवटपर्यंत सांभाळ' या अटीवर मुलाला घर दिलं आणि मुलाने सांभाळलं नाही, तर दिलेलं घर परत घेता येतं. पण ती अट असायला हवी, दस्तात लिहिलेली असेल तर उत्तम. प्राध्यापक म्हणाले होते, या देशात म्हातारी माणसं नेमकी हीच ओळ विसरतात. मी वहीत ते वाक्य अधोरेखित केलं होतं. म्हणून बक्षीसपत्रात मी सातवी अट घातली: मुलाने वडिलांना याच घरात ठेवावं, त्यांचं जेवणखाण आणि औषधपाणी करावं, न केल्यास हे बक्षीस रद्द समजावं.

रविवारी सकाळी बोरीवलीच्या त्या हॉलमध्ये मी सगळा मसुदा मराठीत वाचून दाखवला. सातवी अट वाचली आणि बाबांनी हात वर केला.

"ह्या सातवा काय?"

मी समजावून सांगितलं. भाऊ टीव्हीकडे बघत होता. टीव्ही बंद होता.

"माझो झील माका जेवूक घालतलो, ह्या कागदार लिवचा लागता?" बाबांचा आवाज चढला. "काढ ता."

"बाबा, हे फक्त सेफ्टीसाठी असतं. प्रत्येक दस्तात..."

वहिनी चहाचा ट्रे ठेवत हळूच म्हणाली, "राहू दे ना ताई, तुम्ही वकील, तुमचं बरोबरच असणार." तिच्या त्या 'ताई'ने मला मिरच्या झोंबल्या. आणि मग बाबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुका वाटो होयो आसा काय गो?"

मी पेन काढलं आणि सातव्या अटीवर आडवी रेघ मारली. घरी येऊन लॅपटॉपवर ती पुसली. आठवीची सातवी झाली, नववीची आठवी. बाबांचा मान राखला असं मी नवऱ्याला सांगितलं, पण ते खोटं होतं. मी माझाच मान राखला होता. बापाच्या घरावर डोळा ठेवणारी बहीण असं कोणी म्हणू नये, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं, आणि त्यापुढे काय वाट्टेल ते झालं तरी चालणार होतं.

निबंधक कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढतात. बाकी सगळे त्या फोटोत गुन्हेगारासारखे दिसतात. बाबा हसत होते.

माझा भाऊ दुष्ट नाही. त्याला सोय कळते आणि त्यापलीकडचं कळत नाही, अशातला तो माणूस आहे. आधी नातवाची दहावी आली म्हणून बाबांची कॉट बंद केलेल्या गॅलरीत गेली. मग टीव्हीचा आवाज नको म्हणून त्यांच्या मालिका बंद झाल्या. मग वहिनीच्या नोकरीची वेळ बदलली आणि दुपारचं जेवण डब्यात झाकून राहू लागलं. यातलं एकेक सांगायला गेलं तर तक्रार म्हणूनही उभं राहत नाही. मी जाऊन भांडायला हवं होतं, पण माझ्या असाइनमेंट्स होत्या, हजेरी होती, आणि आता त्या घरात मी कोण होते?

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला भावाचा फोन आला. "ताई, घर काढतोय. ठाण्याच्या पुढे मोठं बघितलंय. गिऱ्हाइकांना दाखवायला घर मोकळं असलं की बरं पडतं यार. बाबांना सहा महिने तुझ्याकडे ठेव ना. मी त्यांना रंगकाम आहे असं सांगितलंय."

बाबा भांडुपला माझ्याकडे आले ते एक बॅग घेऊन. आमच्या हॉलमध्ये दिवाणावर त्यांची सोय केली. लेकीच्या घरी फार दिवस राहायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. माझ्या नवऱ्याने आग्रह केला तर जास्तच संकोचायचे. दुसरा चहा कधी मागितला नाही. बोरीवलीला तीन भाकऱ्या खाणारा माणूस इथे दीड भाकरीवर उठायचा. शेजाऱ्यांना सांगायचे, "रंगकाम चलला हा घरात. चार दिवसासाठी इलंय."

लघुप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी तेविसावं कलम मागून घेतलं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "विषय चांगला आहे, पण भावनिक होऊ नका." मी हो म्हटलं. मला प्रबंध लिहायचाच नव्हता. बक्षीसपत्रात अट नसतानाही घर परत मिळाल्याचा एखादा निकाल मला शोधायचा होता, आणि तोही भावाला गिऱ्हाईक मिळायच्या आत. बाकीची मुलं ग्रंथालयात तळटिपा जुळवत बसायची. मी त्याच टेबलावर बाबांसाठी वाट शोधत बसायचे.

मॅडमना प्रत्यक्ष माहितीही हवी होती, म्हणून प्रश्नावली घेऊन बागेतल्या आजोबांमध्ये फिरले. नववा प्रश्न होता: घर मुलांच्या नावावर करताना काही अट घातली का? एक जण तर उठूनच गेले. एकांनी चष्मा पुसत विचारलं, "तुमच्या वडिलांनी घातली?"

"हो," मी म्हटलं.

"शहाणा माणूस," ते म्हणाले आणि त्यांनी 'नाही'वर खूण केली.

शेवटी निकाल सापडले. काही ठिकाणी कोर्टाने म्हटलं होतं की अट लेखी नसली तरी चालेल, सांभाळण्याच्या भरवशावरच घर दिलं होतं हे एकंदर परिस्थितीवरून दिसायला हवं. मला ग्रंथालयात रडू आलं. त्याच शनिवारी मी ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा अर्ज लिहून काढला आणि बाबांसमोर बसले. घर विकायला काढलंय हेही तेव्हाच सांगितलं.

"विकतलो नाय तो," बाबा म्हणाले. "नुसतो बघता हा."

"विकणार आहे बाबा. तुम्हाला परत तिथे जायचंय ना? मग इथे सही करा. घर विकायला आपण स्थगिती मागू."

त्यांनी अर्ज वाचायला लावला. कायद्याची भाषाच तशी आहे. मुलाने सांभाळलं नाही तर ते बक्षीस फसवणुकीने घेतलं असं धरतात. मी तो शब्द पटकन उरकायला बघितलं, पण त्यांनी बरोबर पकडला.

"म्हणजे झिलान फसवल्यान असा मी सांगूचा?"

"ते नुसतं लिहायचं असतं."

"त्येना फसवूक नाय माका. तू अट वाचून दाखवलंस, मी नको म्हटलंय. सायबान इचारला तर मी ह्याच सांगतलंय."

आणि तिथे सगळी वाट लागली. जो मसुदा मी त्यांच्या रक्षणासाठी केला, तोच आता त्यांच्याविरुद्ध पुरावा होता. अट माहीत नव्हती, सुचली नव्हती, असं म्हणायला जागाच नव्हती. चार माणसांसमोर वाचून, समजावून, मग खोडली होती. भावाच्या वकिलाने एक प्रश्न विचारला असता आणि बाबांनी खरं उत्तर दिलं असतं. मी दोन-तीनदा पुन्हा विषय काढला. ते भिंतीकडे बघत राहायचे. अर्ज माझ्या कपाटात पडून राहिला.

प्रबंध सादर करायच्या आठवड्यात भावाचा फोन आला. घराचा व्यवहार झाला होता. आनंदात होता. "ताई, पार्टीच्या वकिलाने तुझं बक्षीसपत्र बघितलं. म्हणाला, एकदम क्लीन, कुठे कसली अट नाही, कटकट नाही. झकास काम केलंस यार." त्याला खरंच माझं कौतुक करायचं होतं. नव्या घराचा ताबा कधी मिळेल ते त्याने सांगितलं, तिथे बाबांची खोली कुठली ते नाही सांगितलं. मी विचारलंही नाही. फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि टॉवेल तोंडात धरून ओरडले.

बाबांना हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. त्याऐवजी मी प्रबंधाचा शेवटचा भाग पुरा केला. निष्कर्षात लिहिलं की ज्येष्ठ नागरिक अट घालत नाहीत याचं मुख्य कारण कायद्याचं अज्ञान, सबब जनजागृती व्हावी. मॅडमना ते आवडलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक वयस्क परीक्षक होते. त्यांनी निष्कर्षाचं पान उघडून विचारलं, "म्हाताऱ्यांना कायदा माहीत नसतो, ठीक. पण दस्त तर वकील लिहितात. त्यांना माहीत असतो ना?"

"हो सर."

"मग ते का नाही घालत?"

मी म्हटलं, "भीड पडते सर. घरच्यांची."

"हे प्रबंधात कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं."

"आधार आहे काही?"

मी नकारार्थी मान हलवली. "आधार नसेल तर बोलू नये," ते सौम्यपणे म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. मला चांगले गुण पडले.

दुपारी घरी आले तेव्हा बाबा जागेच होते. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पास झालंस?"

"झाले."

त्यांचा चेहरा उजळला. दिवाणावर नीट उठून बसले. "मगे आता तरी आमच्या घराचा काय करूक येतला? झिलाक काय एक बोलल्याशिवाय?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस इतके महिने सही न करता कशाची वाट बघत होता. वकिलीच्या वरची परीक्षा दिल्यावर मुलीला वरचा एखादा कायदा कळेल, ज्यात मुलाला खोटं पाडावं लागणार नाही आणि आपलं घरही आपल्याला मिळेल, असं ते धरून चालले होते.

"घर विकलं बाबा," मी म्हटलं. "मागच्याच महिन्यात. आता काही होणार नाही."

ते म्हणाले, "मीच काढूक सांगितलंय ती अट."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"मगे तेव्हा तू माझ्याशी भांडूक होया होता गो," बाबा म्हणाले.