पाय माझे, माप मामांचं

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझा गुडघा गाडीमुळे गेलेला नाही. पूर्णेतल्या आमच्याच घरात, गच्चीवर कपडे वाळत घालून उतरताना मी जिन्यावरून पडले. पण विकायला काय निघालं? गाडी! जिना आहे तिथंच आहे. त्याला कुणी बोटही लावलं नाही.

माझी गाडी स्पोर्ट बाईक आहे. अशा गाडीचे फुटरेस्ट उंच आणि मागे असतात, त्यामुळे गुडघा सगळा वेळ दुमडलेला राहतो. पडल्यापासून गाडी अर्धा तास चालवली की माझा गुडघा ठणकायला लागायचा. त्यावर इलाज आहे: फुटरेस्ट, गिअरचा पेडल आणि मागचा ब्रेक असा सगळा संच बदलून दुसरा बसवायचा. त्याला रिअरसेट म्हणतात. चांगल्या रिअरसेटला जास्तीची भोकं असतात, आपल्या पायाला जमेल तसं वर-खाली करता येतं. मी हे आईला चारदा समजावलं. तोवर तिनं गाडीला शेजारच्या चुडावा गावचं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

शेवटी तह झाला. नवा संच बसवून एक चक्कर मारायची: पूर्णा, परभणी, पालम आणि परत. गुडघा दुखला तर गाडी चुडाव्याला. आणि तो दुखला की नाही, हे सोबत येऊन कोण सांगणार? मामा! म्हणजे गुडघा माझा आणि साक्षीदार मामा. मला इतका राग आला की चहा अर्धा टाकून मी हेल्मेट घातलं.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. राहायला पालमला, चार दिवसांसाठी आमच्याकडे आले होते. मी ताडमाड वाढलेली, मामा माझ्या खांद्याला लागतात. मागच्या उंच सीटवर धोतर आवरून, टोपी खिशात कोंबून ते बसले तेव्हा सगळी गल्ली बघायला आली. "शीतले, हळू हाण बरं का," म्हणाले, "ही गाडी हाय का माळा हाय?"

झिरो फाट्यावरून परभणीपर्यंत रस्ता बरा आहे, पण गतिरोधकांना रंग नाही. चाकाखाली आल्यावरच कळतात. उसाच्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवा सोडा, चिंधीसुद्धा नाही. दुचाकीवर येणार असाल तर उजेडातच या. परभणीत शिरताना एका गाड्यावर सुशीला खाल्ली, वर मिरचीचं भजं. ही सुशीला म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे चुरमुरे. मामांनी दोन प्लेटा हाणल्या.

स्पेअर पार्टच्या पहिल्या दुकानात मी हेल्मेट काढलं तरी दुकानदार माझ्या बाजूनं वाकून मागे बघत होता. "सोबत कोण हाय, ताई?"

"का? रिअरसेट मला पाहिजे."

"तसं न्हाई, गाडी चालवणारे कुठायत?"

मी किल्ली त्याच्या नाकासमोर धरली. त्यानं सोनेरी रंगाचा एक संच काढला आणि मामांपुढे ठेवला. "बघा मामा, लय रेसिंग दिसतंय. पाय पार वर जातो."

"अहो, मला पाय खाली पाहिजे!"

"मग रेसिंग कसं दिसल, ताई?"

दिसायचंय कुणाला! बाजारातले बहुतेक संच असेच आहेत, पाय आणखी वर आणि मागे नेणारे. ज्यांचा गुडघा कुरकुरतो त्यांनी फोटोवर भाळू नका. मूळ जागेपेक्षा खाली येणारं भोक आहे का, ते आधी विचारा. फुटरेस्ट घडी होणारे घ्या. गाडी आडवी झाली तर ते दुमडतात, कडक असले तर तुटतात. साध्या जोडीला तीन-चार हजार पडतात. परदेशी जोडीचा आकडा ऐकला की गाडी तिथंच सोडून एसटीनं घरी जावंसं वाटतं.

दुसऱ्या दुकानात पुन्हा तेच, "सोबत कोण हाय?" पण तिथं हवा तसा काळा संच मिळाला, मूळ जागेच्या दोन बोटं खाली येणारा. मेकॅनिकला नीट सांगितलं, सगळ्यात खालचं भोक घ्या. तो "हो हो" म्हणाला आणि कामाला लागला. तेवढ्यात मला बाथरूमला जायचं होतं. अख्ख्या बाजारात बायकांसाठी सोय नाही! भिंती पुरुषांना मोकळ्या आणि आम्ही दुखरा पाय ओढत बसस्टँड गाठायचं. परत आले तर काम झालेलं. "एकदम मापात बसवलंय, ताई," मेकॅनिक म्हणाला. काळा संच झकास दिसत होता. मी भाळले, वाकून बघितलं नाही.

पालमच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडं ज्वारी, मधे मधे फुटलेला कापूस. ताडकळस येईतो गुडघ्यात अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणी आलं. पूर्वीपेक्षा जास्त! गाडी बाजूला घेतली. खाली बघते तर फुटरेस्ट सगळ्यात वरच्या भोकात.

"असं कसं केलं त्यानं?" मी ओरडले.

"का बरं?" मामा अगदी निरागस. "चांगलं माप घेऊन बसवलंय की. मला गाडीवर बसवलं, पाय ठिवायला लावले. खाली पुरंनात म्हणून त्यानं वर घेतलं."

"तुम्हाला? मामा, तुम्ही गाडी चालवता?"

"म्या सायकल सोडून काय चालवलं न्हाई, बाई."

"मग बसलात कशाला?"

"तो म्हणला बसा, बसलो. मला वाटलं, पाहुणचार हाय."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं? मी तोंडानं सांगितलेलं हवेत गेलं, आणि शब्दही न बोललेल्या मामांचे पाय प्रमाण! मला तिथंच रडू फुटलं. दुखण्याचं कमी, चुडाव्याचं जास्त. मामांनी रुमाल काढून दिला.

गोदावरीचा पूल दात आवळून ओलांडला. पालमला मामीनं भाकरी आणि येसराच्या मसाला-पिठाची आमटी वाढली. जेवण होताच मी अंगणात गाडी घेतली. एलन की, म्हणजे षटकोनी पाना, माझ्याकडे असतेच, तुम्हीही ठेवा. फुटरेस्ट खालच्या भोकात घेतले, गिअरचा दांडा पायाच्या चवड्याला जुळवला. मी वर बसून पाय ठेवून बघत होते तेव्हा मामांनी बैलाची शिंगं धरावीत तसं हँडल धरून गाडी उभी ठेवली. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का, हे बघायला मागे गेले आणि "लागला, लागला!" म्हणून ओरडले. मग समोर येऊन त्यांनी विचारलं, "पाय कसा हाय आता?" इतक्या महिन्यांत हे मला विचारणारे ते पहिले.

सावकाश, एकदा थांबून पूर्णेला आलो. आई दारातच होती. "दादा, दुखला का हिचा गुडघा?"

"मला कशाला इचारतीस?" मामा खाली उतरत म्हणाले. "माझे पाय तर रस्ताभर लोंबत व्हते. एकदा माझ्या पायानं घोळ झालाय, आता तिच्या पायाचं तिला इचार."

आई माझ्याकडे वळली. खोटं बोलायचा मोह झाला. पण म्हटलं, "ताडकळसपर्यंत लय दुखला. जागा बदलल्यावर थोडाच. चालवता येतं मला."

तिनं पदराला हात पुसले आणि चुडाव्याला फोन लावला. गाडी द्यायची नाही, म्हणाली. पलीकडचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू आलं. "मावशी, गाडीचं तुमाला काय कळायलंय? घरात पुरुष माणूस असंल त्यांना द्या फोन."

आईचा चेहरा लालबुंद झाला. "का? मी काय म्हैस हाय का? गाडी माझ्या लेकीची हाय, ती चालवती, आन् मी न्हाई म्हणले म्हणजे न्हाई! जिना हाय एक, पाहिजे तर तो न्या!"

फोन आपटून ती मला म्हणाली, "सगळ्यांनाच हाय का गं ही खोड?"

मामांनी खिशातली टोपी काढली, झटकून डोक्यावर घातली आणि गुपचूप पाय धुवायला गेले.